चौदा माणसांचं कोमूने

अब्बा, तुम्हाला हे लिहितोय ते दुसरं एक लिखाण टाळण्यासाठी. आपल्या गावच्या जमातीची स्मरणिका निघतेय. शारजाच्या औद्योगिक भागात आपल्या मोहल्ल्यातल्या एकाचं गॅरेज आहे, त्याच्या वरच्या केबिनमध्ये कमिटीची मीटिंग झाली, चहा झाला, समोसे झाले, आणि तुमच्यावर दोन पानं मी लिहायची असं ठरलं. 'तुम्ही तर रायटर आहात,' म्हणाले. मी कसला रायटर. साप्ताहिकात दर आठवड्याला कोणाची तरी टोपी उडवतो आणि आपली शाबूत आहे म्हणून बाकीचे हसतात. पण कमिटीला गोष्ट हवी आहे ती खोलीत देवी आल्या तेव्हाची, आणि तिचं तात्पर्यसुद्धा त्यांनी तयार ठेवलंय: बाप एवढा तांडेल, पण मुलाकडून शिकला. मुलगा म्हणजे मी. तीन दिवस कागद पुढ्यात आहे आणि हात चालत नाही. काल धाकटी डोकावून गेली. 'बाबा, व्हॉट आर यू डूइंग?' आजोबांना लिहितोय म्हटलं. 'बट ही इज डेड,' म्हणाली आणि फ्रिज उघडून उभी राहिली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच आधी तुम्हाला लिहितोय. तुम्ही कमिटीला दाखवणार नाही.

सन एकोणीसशे साठच्या पुढची ती वर्षं. हा देश अजून या नावाने झालाच नव्हता. दुबईत खाडीच्या काठाशी खजुरीच्या झावळ्यांच्या भिंती, झावळ्यांचंच छप्पर, आणि त्यात आपली खोली. खोली म्हणायची, पण त्यात चौदा माणसं, चौदा ट्रंका, एक चूल, एक रांजण. सगळे एका गावचे, अर्धे एका आडनावाचे. दुसऱ्या गावांच्याही अशाच खोल्या होत्या. चार घरं पलीकडे श्रीवर्धनकडच्यांची, त्यापुढे दाभोळकडच्यांची. तुम्ही जन्मभर गलबतावर तांडेल, खलाशांचे म्होरके, होतात, इथे येऊन धक्क्यावर गोदाम सांभाळायला लागलात, पण खोली तुम्ही गलबतासारखीच चालवलीत. स्वयंपाकाची बारी, पाण्याची बारी, झाडण्याची बारी. बारी चुकवणाऱ्याला तुम्ही रागावत नव्हतात, त्याची बारी तुम्ही स्वतः करत होतात, सगळ्यांच्या देखत, आणि तो माणूस पुढचे आठ दिवस वर बघत नसे. मला त्या शिक्षेची सगळ्यात जास्त भीती वाटायची. मारलेलं परवडलं असतं.

मी तेव्हा बावीस-तेवीसचा. एका ठेकेदाराकडे मोजणीच्या कामावर होतो, आणि माझा साहेब इटालियन. उन्हाने भाजून वांग्यासारखा झालेला, डोक्यावर ओला पंचा, तोंडात शीळ. तो यंत्राला डोळा लावून उभा राहायचा, मी लांब जाऊन रंगवलेली काठी धरून उभा राहायचो, आणि तो आकडे ओरडायचा ते वहीत लिहायचो. रस्ते कुठून जायचे, गटारं कुठून वाहायची, ते नकाशे बलदियाला द्यायचे होते. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका, हे आपल्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो मात्र तिला कधी बलदिया म्हणाला नाही. 'चल, कोमूनेत जाऊन येऊ,' असंच म्हणायचा. त्याच्या देशात नगरपालिकेला कोमूने म्हणतात. डोंगरावर तीनशे घरांचं त्याचं गाव, तेही कोमूने. रोम एवढं थोरलं, तेही कोमूनेच. ग्रामपंचायत वेगळी, नगरपालिका वेगळी, महापालिका वेगळी असली उतरंड तिकडे नाही म्हणाला. तीनशे घरांना जो शब्द, तोच राजधानीला. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'मामुली, सगळीकडे सापडणारं'. मी म्हटलं, मग आमच्या खोलीलाही लागू पडेल. तो हसला आणि म्हणाला, तुमच्या खोलीला मेयर आहे का? आहे म्हटलं, माझा बाप. निवडून आलेला? मी म्हटलं, त्याला पाडायची कोणाची छाती आहे? त्यावर त्याने यंत्रावरून डोकं काढून सांगितलं की त्याच्या लहानपणी तिकडे हुकूमशाही होती, तेव्हा मेयरही वरून नेमलेला यायचा, आणि गाव त्याच्या तोंडावर सलाम करून पाठीमागे थुंकायचं. लढाई संपल्यावर पुन्हा मतं पडायला लागली. मी हे तुम्हाला खोलीत येऊन सांगितलं नाही. थट्टा कुठे थांबवायची एवढी अक्कल तेव्हाही होती.

आता शिंप्याचं. आपल्या खालच्या मोहल्ल्यातला शिंपी लाँचने आला, खोरफक्कानच्या बाजूला उतरला, डोंगर चालून, ट्रकच्या मागे बसून खोलीत पोचला. कागद नव्हते. खोलीतल्या सात जणांकडे नव्हते, तो आठवा. आला तोच अंग तापलेलं. आपला स्वयंपाकी चाचा म्हणाला, उन्हाचा दणका, कांदा हुंगव त्याला. दोन दिवस कांदा हुंगवला. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गोदामावरून जेवायला आलात, त्याच्या कपाळावरचा फडका उचलला, मनगटं उलटी करून बघितली, तोंड उघडायला लावलंत. मी रांजणापाशी उभा होतो. तुमच्या चेहऱ्यावर बघितलं आणि मला कळलं. ज्याच्या चेहऱ्यावर ती गोष्ट लहानपणापासून लिहिलेली आहे त्याला ओळखायला किती वेळ लागणार? तुमच्या दोन्ही गालांवर, नाकावर, पापणीवरसुद्धा देवीचे वण होते. गावात एखादी आई टोचणारा आला की पोर लपवायची, तर तुम्ही तिच्या अंगणात जाऊन उभे राहायचात आणि फक्त म्हणायचात, 'ह्यो तोंड बघ.'

आणि इथेच माझी गोष्ट सुरू होते, अब्बा, कारण मला देवी टोचलेल्या नव्हत्या. तुम्ही तेव्हा समुद्रावर होतात. टोचणारा शाळेत आला, त्याच्या हातातलं ते गोल फिरणारं सुयांचं हत्यार मी दुरून बघितलं आणि खिडकीतून उडी टाकून खाजणात जाऊन बसलो, भरती येईपर्यंत. आईने मला काही म्हटलं नाही आणि तुम्हालाही काही सांगितलं नाही. तुम्ही परत आल्यावर दंड दाखव म्हणालात, तर माझ्या दंडावर खरूज होऊन गेलेली होती, ती दाखवली. तुम्ही खूश. पुढे इकडे यायचं तर टोचल्याचं पुस्तक लागतं; रत्नागिरीला माझ्या नावाने चुलतभाऊ आत गेला, त्याला दुसऱ्यांदा टोचलं, शिक्का मला मिळाला. आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो होतो. एवढं हसू मला पुढे फार महागात पडलं.

तुम्ही सगळ्यांना अंगणात बोलावलंत. शिंप्याला मागच्या सोप्यात घेतलं, मध्ये शिडाचं जुनं कापड टांगलं. त्याच्याजवळ फक्त तुम्ही जाणार, कारण तुम्हाला होऊन गेल्या होत्या. बाकीचे सगळे टोचलेले आहेत ना? सगळे हो म्हणाले. मीही म्हटलं. बलदियाला कळलं तर काय होईल ते तुम्ही मोजक्या शब्दांत सांगितलंत: खोली जाळतील, सगळ्यांना तंबूत ठेवतील, आणि मग ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना परत लाँचवर. म्हणजे आठ घरांच्या चुली बंद. मग तुम्ही हात पुढे केलात. त्यावर चाचाने हात ठेवला, त्यावर दुसऱ्याने, गलबतावर तुफानात देतात तशी जबान. 'खोलीची गोष्ट खोलीत.' माझा हात सगळ्यांच्या वर होता. खालचे तेरा हात गरम होते आणि माझा गार, एवढंच मला आठवतं.

त्या दिवसापासून मी भीतीशिवाय काहीही केलेलं नाही. जेवलो ते भीतीने, कारण ताटातलं टाकलं तर तुम्ही विचाराल. सकाळी उठून आधी जीभ बघायची, मग हाताचे पंजे, मग केसांच्या मुळाशी बोटं. घामोळ्याचा एक दाणा आला तर दिवसभर तो चाचपून बघायचो. शिडाच्या कापडाकडे पाठ करून बसलं तर पाठीला वारा लागल्यासारखं वाटे, तोंड करून बसलं तर ते कापड हलतंय असं वाटे. शिंपी आत पाणी मागायचा. त्याचा आवाज घशात फोड आल्यावर बदलला, बारीक झाला, आणि तो मागायचा ते मला माझ्याच आवाजासारखं ऐकू यायचं. तुम्हाला सांगता आलं असतं. अब्बा, मला टोचलेलं नाही, मी खोटं बोललो. तुम्ही काय केलं असतंत? कदाचित मला खोलीबाहेर काढलं असतंत, कदाचित माझी बारी स्वतः केली असतीत, सगळ्यांच्या देखत. मी देवीला भीत होतो आणि तुम्हालाही भीत होतो, आणि खरं सांगायचं तर कोणाला जास्त ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मग शुक्रवार आला, आणि तुम्ही ती चूक केलीत जी फक्त आपलीच माणसं करू शकतात. आजारी माणूस आहे हे पाण्याच्या विहिरीवर कळलं होतं; काय आजार ते कळलं नव्हतं. जुम्याच्या नमाजनंतर श्रीवर्धनकडच्या खोलीतले सहा आणि दाभोळकडच्यांतले पाच, असे अकरा जण शिंप्याची खुशाली विचारायला आले. धुतलेले कपडे, अत्तर लावलेलं, एकाच्या हातात संत्री, दुसऱ्याच्या हातात खजूर. परदेशात आजारी पडलेल्याला विचारायला जायचं नाही म्हणजे काय? तसल्या माणसाच्या जनाज्याला कोण येईल? आणि विचारायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं, हे तर कोकणात दुश्मनाच्या बाबतीतही होत नाही. तुम्ही दारात उभे होतात. मी बघत होतो. तुमचा एक हात चौकटीवर होता. मला वाटलं, आता तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही हात काढलात. 'बसा,' म्हणालात. 'ताप जरा जास्ती हाय. लांबूनच दुआ करा.' लांबून म्हणजे किती लांबून? खोलीच दहा हात. अकराही जण शिडाच्या कापडापाशी बसले. त्यातला एक म्हातारा, शिंप्याच्या बायकोच्या माहेरचा, त्याने कापडाखालून हात आत घातला आणि शिंप्याचा हात धरून फातिहा पढला. तुम्ही ते बघितलंत. चाचाने चहा केला. अकरा जण चहा पिऊन, पुन्हा येतो इन्शाल्ला म्हणून, आपापल्या खोल्यांत, आपापल्या दुकानांत, बेकरीत, धक्क्यावर गेले.

कमिटीला जे हवं आहे ते इथे येतं: की मी त्या अकरा माणसांचा विचार केला, त्यांच्यामागच्या सगळ्या शहराचा विचार केला. मी त्यांना दारातून जाताना मोजलं हे खरं. पण डोक्यात दुसराच हिशेब होता. पुन्हा येतो म्हणाले, म्हणजे हे लांबणार. मी आणखी आठवडाभर त्या खोलीत वाचणार नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर इटालियनने यंत्रातून बघितलं तर काठी हलत होती. त्याने ओरडून सांगितलं, सरळ धर. मी दोन्ही हातांनी धरली. तरी हलत होती. तो शीळ बंद करून वाळूतून चालत आला आणि म्हणाला, तुला ताप आहे का? मी नाही म्हटलं, आणि मग जे सांगायला सुरुवात केली ते थांबलंच नाही. रूम, सिक मॅन, स्मॉलपॉक्स, फ्रायडे, इलेव्हन पीपल. आणि मला टोचलेलं नाही, हे सगळ्यात आधी. तो दोन पावलं मागे सरकला. चांगला माणूस होता, पण सरकला. तेवढ्यानेच मला जरा धीर आला. म्हणजे भिणारा मी एकटा नव्हतो. मग 'यल्ला, चल' म्हणाला आणि जीप काढली. इस्पितळातल्या डॉक्टरने सगळं ऐकलं, माझा दंड उघडा केला, खरजेचा वण बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पहिली सुई मला टोचली. ज्या सुईला भिऊन मी खाजणात बसलो होतो ती एवढीशी होती. त्यानंतर त्याने फोन उचलला.

परतताना जीपमध्ये मी रडलो. आता खोलीला वाचवायला काही उरलं नाही, तेरा जणांच्या हातावर हात ठेवून मी जबान मोडली, आमच्यात यापेक्षा वाईट काही नसतं, असं काहीबाही बोलत होतो. माझी समजूत घालायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने त्याचं कोमूने काढलं. जुन्या काळी म्हणाला, त्याच्या तिकडच्या गावांवर कधी बिशपची हुकमत, कधी कुठल्या सरदाराची. तर गावातली माणसं एकत्र जमली आणि त्यांनी एकमेकांना शपथ दिली: भिंतीवर पहारा बारीबारीने, विहीर सगळ्यांची, आग लागली तर बादली प्रत्येकाची. त्या शपथेच्या मंडळाचं नाव कोमूने. शब्द लॅटिनमधला; त्यात एक तुकडा 'मिळून' असं सांगणारा, आणि दुसरा 'मूनुस'. मूनुस म्हणजे काम, अंगावर घेतलेलं ओझं, आणि त्याच शब्दात नजराणाही, दिलेली भेटही. जे ओझं तेच देणं. तुमच्या इंग्रजांचा म्युनिसिपालिटी हा शब्दही त्याच मुळाचा, म्हणाला. मी नाक पुसत विचारलं, शपथ तर आमच्याही खोलीने घेतलीच होती ना? त्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, भिंत कुठे आहे ते बघावं लागतं. तुमच्या खोलीची भिंत झावळ्यांची आहे. देवी तिच्या आतच थांबतील असं तुला वाटतं? त्याच्याकडे एक म्हण होती, की सगळ्यांवर मिळून आलेलं दुखणं अर्धं सुखाचं. आमची पंचाईत हीच होती. दुखणं मिळून घ्यायला आमची सगळ्यांचीच तयारी होती.

घडल्याचा क्रम लक्षात ठेवा, अब्बा. आधी सुई, मग तो शपथेचा शब्द.

दुपारपर्यंत माणसं आली. तोंडाला फडकी बांधलेली, हातात टोचायचं सामान. कोणी ओरडलं नाही, कोणी धक्का मारला नाही. श्रीवर्धनकडच्यांना, दाभोळकडच्यांना, बेकरीतल्या भट्टीवाल्यांना, धक्क्यावरच्यांना, सगळ्यांना टोचलं. आपल्याला गावाबाहेर वाळूत तंबूंत नेलं, खोली जाळली. झावळ्या ओल्या नव्हत्या, पाच मिनिटं लागली. चाचा म्हणाला, ह्यापेक्षा जास्ती वेळ मला डाळीला लागतो, आणि कोणी हसलं नाही. शिंप्याचा तंबू वेगळा, तुम्ही त्याच्यात. आमचे तंबू अलीकडे, मध्ये दोरी.

तिसऱ्या दिवशी तुम्ही दोरीपर्यंत आलात आणि मला हाक मारलीत. बाकीचे दुपारचे पडले होते. वाळू अशी तापलेली की तुम्ही पाय बदलत उभे होतात. तुम्ही विचारलंत, 'कोनी सांगितलान?'

'मी.'

मला वाटलं होतं तुम्ही मारायला याल. तुम्ही दोरीला हात लावलात आणि काढून घेतलात.

'का?'

खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. मी भ्यालो. मला ते म्हणता येईना, आणि गप्प राहिलो असतो तर तुम्ही वाट बघत राहिला असतात, म्हणून मी तुम्हाला कोमूने सांगितलं. सगळं सांगितलं. बिशप, सरदार, शपथ, पहाऱ्याची बारी, विहीर, मूनुस म्हणजे ओझं आणि मूनुस म्हणजेच देणं. अरबांचा बलदिया हा शब्द गावाच्या जागेवरून आलाय, आपल्या पालिकेत पाळणं आहे, आणि ह्या इटालियनांच्या शब्दात माणसांनी मिळून उचललेलं वजन आहे. आपली जमात चौदा माणसांची नाही, अब्बा, त्या अकरा जणांचीही आहे, बेकरीवाल्याचीही आहे. मी इतका चांगला बोललो की माझं मलाच पटलं. पुढे जन्मभर लिहून जे पोट भरलं त्याची पहिली उमेदवारी ती. तुम्ही ऐकत होतात. चेहऱ्यावर ऊन, आणि उन्हात तुमचे वण खोल दिसायचे. शेवटी तुम्ही म्हणालात, 'बरा केलास. मी शुक्रवारी दारातून हात काढलंय, तो काढायचा नव्हता.'

त्यानंतर इटालियन दर दोन दिवसांनी जीप घेऊन तंबूंच्या बाहेरच्या कडेला यायचा, बिस्किटं ठेवायचा, आणि लांबून ओरडून बोलायचा. तुम्ही माझ्यामार्फत त्याला प्रश्न विचारायला लागलात. शपथ मोडणाऱ्याला तिकडे काय करायचे? पहाऱ्याची बारी चुकली तर? त्या मूनुसातून ज्याला सूट मिळायची त्याला काय म्हणत, तो शब्द त्याने सांगितला: इम्यून. आज डॉक्टर ज्याला रोग होत नाही त्याला म्हणतात ना, तोच शब्द. मुळात गावकामातून माफी मिळालेला माणूस. मी मराठीत सांगितलं, आणि तुम्ही शिंप्याच्या तंबूच्या तोंडाशी, हातात त्याचं पाण्याचं भांडं, मोठ्याने हसलात. 'म्हणजे मी माफीतला? सगळा काम तर माझ्याच गळ्यात.' त्या पंधरवड्यातलं तेवढं एकच हसू. शिंपी नवव्या दिवशी गेला. त्याला आंघोळ तुम्ही एकट्याने घातलीत, बाकी कोणाला जवळ येऊ दिलं नाहीत, आणि आम्ही दोरीच्या अलीकडे सफा, म्हणजे रांगा, लावून नमाज पढलो. फातिहा पढणाऱ्या म्हाताऱ्याला हलका ताप आणि चार फोड येऊन गेले. वेळेवर टोचलं म्हणून निभावलं, डॉक्टर म्हणाला. बाकी दहा जणांना काही झालं नाही. बिनकागदांच्या सात जणांपैकी चौघांना परत जावं लागलं. धक्क्यावर त्यांनी तुम्हाला सलाम केला, मला नाही. तीन घरांनी माझ्या आईशी पुढे कित्येक वर्षं बोलणं टाकलं.

तुम्ही मात्र गावी परतल्यावर जमातीसमोर उभे राहून सांगितलंत. दोष स्वतःकडे घेतलात आणि शहाणपण माझ्याकडे दिलंत. जबानीचा नवा कायदा केलात: आजाराची गोष्ट खोलीत ठेवायची नाही, पहिल्या दिवशी सांगायची, मुंबईच्या खोलीत, इथल्या खोलीत, गावातही. इटली देशात असा असा शब्द आहे, असं तुम्ही मशिदीच्या ओट्यावर बसून सांगायचात. लोकांना तो म्हणता यायचा नाही, तुम्हाला यायचा. माझ्या कानांवर ते इथे यायचं आणि मी मान खाली घालून ऐकायचो, ती लोकांना विनम्रता वाटायची. स्मरणिकेत ते सगळं येईल. ते खोटंही नाही. कायद्याने पुढे माणसं वाचली असतील.

शेवटच्या वर्षी मी रजेवर आलो तेव्हा तुमच्या छातीत पाणी होत होतं. अंगणात खाट टाकली होती, दुपार उतरत होती, आई माळ्यावरून सुके बोंबील काढत होती. तुम्ही इकडे न बघता विचारलंत, 'तेव्हा भ्यालेलास काय रे तू?'

'तेव्हा' म्हणजे कधी ते तुम्ही सांगितलं नाही, आणि मला विचारायची गरज नव्हती.

'नाही अब्बा,' मी म्हटलं.

तुम्ही मान हलवलीत. 'मी भ्यालेलो,' म्हणालात. 'मला होऊन गेलेल्या, म्हाईत होता मला, तरी त्याला पाणी पाजताना हात थरथरायचा. त्याचा तोंड बघितला की माझा लहानपन दिसायचा. कोनाला सांगू? तेरा जनांचा तांडेल.' एवढं बोलून तुम्हाला धाप लागली. धाप गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात आणि बघत राहिलात. आईने वरून विचारलं, चहा टाकू काय. तुम्ही माझी वाट बघत होतात. मी उठलो, तुमच्या उशाशी औषधाची बाटली होती ती हातात घेतली, आणि दिवसाला किती चमचे ते वाचून दाखवलं.

भ्यालो होतो, अब्बा. तुमच्याइतकाच.